परदेशी गुन्हेगार, परदेशी कोर्ट आणि जपानची चाळीस वर्षं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण मेइजी काळातल्या, म्हणजे मेइजी सम्राटाच्या राजवटीतल्या जपानवर लिहिलं होतं. 1858 मध्ये जपानने अमेरिका, नेदरलँड्स, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच देशांशी तह केले, त्यात परदेशी लोकांना जपानी कायद्यातून सूट मिळाली, कस्टम्सचे दर ठरवायचा जपानचा अधिकार गेला, आणि हे सगळं परत मिळवायला 1911 उजाडलं, अशी ती थोडक्यात गोष्ट. लेखावर खूप पत्रं आली आणि त्यातले बरेचसे प्रश्न आमच्या लेखातल्या फटींवर बोट ठेवणारेच आहेत. सगळी उत्तरं एका अंकात मावणार नाहीत, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते इथे घेतो. नावं छापत नाही.

प्रश्न: कॉन्सुलर कोर्ट म्हणजे नक्की काय? आणि जपानने असली अट मान्य तरी कशी केली?

समजा योकोहामात एखाद्या ब्रिटिश व्यापाऱ्याने जपानी माणसाला फसवलं किंवा मारलं, तर त्याची केस जपानी न्यायाधीशापुढे जायची नाही. ब्रिटिश कॉन्सलपुढे, म्हणजे त्या बंदरातल्या ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीपुढे, ब्रिटिश कायद्याने चालायची. अमेरिकन माणूस असेल तर अमेरिकन कॉन्सल, फ्रेंच असेल तर फ्रेंच, म्हणजे एकाच बंदरात जितके देश तितकी कोर्टं. त्यात बऱ्याच ठिकाणी कॉन्सल हा कायद्याचं शिक्षण घेतलेला माणूसही नसायचा, काही छोट्या देशांचे कॉन्सल तर स्वतःच व्यापारी होते. ब्रिटिशांची व्यवस्था त्यातल्या त्यात नीट होती, 1865 पासून शांघायमध्ये त्यांचं चीन आणि जपानसाठी सुप्रीम कोर्ट होतं, पण जपानी फिर्यादीच्या बाजूने बघितलं तर शेवटी न्याय मागायला परक्याच्याच दारात जायचं.

मान्य का केलं, तर 1858 मध्ये शोगुनच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने देश चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशाच्या सरकारपुढे पर्याय फारसे नव्हते. ब्रिटन आणि फ्रान्सने चीनला नुकतंच गुडघ्यावर आणलं होतं आणि अमेरिकेचा कॉन्सल टाउनसेंड हॅरिस याने नेमकी हीच बातमी वापरून शोगुनच्या अधिकाऱ्यांवर दबाव आणला की आत्ता माझ्याशी सही करा, नाहीतर उद्या ती जहाजं इकडे येतील. कॉन्सुलर कोर्टाच्या कलमाबद्दल मात्र त्या वेळी फार खळखळ झालेली दिसत नाही, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. शोगुनच्या अधिकाऱ्यांना परदेशी माणसांची भांडणं त्यांची त्यांनीच सोडवलेली बरी वाटली, आपल्या डोक्याला ताप नको. भडका उडाला तो सम्राटाची संमती न घेता सही केली यावरून, आणि त्यात सही करवणारा शोगुनचा मुख्य मंत्री ई नाओसुके 1860 मध्ये एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर मारला गेला. कोर्टाच्या कलमाची खरी किंमत नंतर कळली, एकेक केस समोर येत गेली तशी.

दुसरी दोन कलमंही तितकीच जड होती. एक म्हणजे कस्टम्स, 1866 मध्ये नवा करार करून बहुतेक मालावरची ड्यूटी साधारण पाच टक्क्यांवर खिळवून टाकली, आणि सरकारला बंदरात पैसा मिळेना म्हणून भार गेला शेतकऱ्याच्या जमीन महसुलावर. दुसरं म्हणजे एका देशाला जी सवलत दिली ती बाकी सगळ्यांना आपोआप, बदल्यात काही न देता. हे दुसरं कलम लक्षात ठेवा, पुढे सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

प्रश्न: तहात 1872 नंतर फेरबदल करता येतील अशी तरतूद होती ना? मग 1894 च्या ब्रिटनशी झालेल्या नव्या तहापर्यंत थांबायची काय गरज होती?

तरतूद होती, पण फेरबदलाची बोलणी सुरू करता येतील इतकीच. तह कधी संपणार याची तारीख त्यात नव्हती. म्हणजे समोरचा नाही म्हणाला तर जुनाच तह चालू, अगदी कायमचा. जपानी मुत्सद्द्यांच्या हातात वेळेचं कुठलंही बंधन नव्हतं आणि ज्याच्या विरुद्ध वेळ काम करत नाही त्याला घाई कशाला असेल!

पहिला प्रयत्न झाला तो शोगुनची सत्ता जाऊन आलेल्या मेइजी सरकारचा ज्येष्ठ मंत्री इवाकुरा तोमोमी याच्या शिष्टमंडळाचा. 1871 च्या डिसेंबरात ही मंडळी योकोहामाहून निघाली, निम्मं सरकारच बोटीवर होतं म्हणा ना. मूळ हेतू जग बघायचा आणि तहाबद्दल फक्त चाचपणी करायचा होता, पण अमेरिकेत इतकं जोरदार स्वागत झालं की यांना वाटलं इथेच बोलणी उरकून टाकू. वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री हॅमिल्टन फिशने विचारलं, सही करायचे अधिकारपत्र आहे का? नव्हतं. मग शिष्टमंडळातले ओकुबो तोशिमिची आणि इतो हिरोबुमी तेवढ्यासाठी समुद्र ओलांडून टोकियोला परत गेले, अधिकारपत्र घेऊन पुन्हा आले, यात चारेक महिने गेले, आणि ते पोचेपर्यंत मागे राहिलेल्यांच्या लक्षात आलं होतं की एकट्या अमेरिकेशी सौदा करणं धोक्याचं आहे, कारण अमेरिकेला जे द्याल ते सगळ्यांना फुकट द्यावं लागेल आणि त्या बाकीच्यांकडून मिळणार काहीच नाही. बोलणी तिथेच थांबवली.

पुढे तेराशिमा मुनेनोरी परराष्ट्रमंत्री असताना 1878 मध्ये अमेरिकेने कस्टम्सचा अधिकार परत द्यायचं कबूलही केलं. पण अट अशी की बाकीच्या देशांनीही तसेच करार केले तरच हा लागू होणार. ब्रिटन तयार नव्हता, म्हणजे करार कागदावर राहिला. ही त्या काळातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट आहे असं मला वाटतं, कारण यात प्रत्येक देशाला मनाचा मोठेपणा दाखवता येत होता आणि प्रत्यक्षात काहीच सोडावं लागत नव्हतं.

आणि त्याच सुमारास, 1879 च्या उन्हाळ्यात, कॉलऱ्याची साथ चालू असताना हेस्पेरिया नावाचं जर्मन जहाज आलं. जपानने ते क्वारंटाइनमध्ये ठेवलं, तर जर्मन राजदूताचं म्हणणं की तुमचे नियम आमच्या जहाजाला लागू नाहीत, आणि जहाज सरळ योकोहामात नेलं. साथ त्याआधीच देशात होती, त्यामुळे सगळा दोष त्या जहाजावर टाकता येणार नाही, पण त्या वर्षी लाखाहून जास्त जपानी लोक कॉलऱ्याने मेले आणि आपल्या बंदरात आपला आरोग्याचा नियमसुद्धा चालत नाही हे सगळ्या देशाने पाहिलं.

प्रश्न: नॉर्मंटन जहाजाचा लेखात एका ओळीत उल्लेख होता. तिथे काय झालं होतं?

एका ओळीत उरकलं ते चुकीचंच होतं, कारण सामान्य जपानी माणसाला तहाचा अर्थ या प्रकरणाने समजला. ऑक्टोबर 1886, नॉर्मंटन हे ब्रिटिश मालवाहू जहाज योकोहामाहून कोबेला निघालं होतं, वाकायामाच्या किनाऱ्याजवळ वादळात खडकावर आपटून बुडालं. कॅप्टन ड्रेक आणि युरोपियन खलाशी होड्यांमधून सुटले. जहाजावर 25 जपानी प्रवासी होते, ते पंचवीसच्या पंचवीस मेले. आपल्याकडच्या वाचकांना हेही सांगायला हवं की मेलेल्यांमध्ये भारतीय खलाशीही होते, आणि त्यांच्याबद्दल तेव्हाही कोणी फारसं बोललं नाही आणि नंतरही नाही.

कोबेच्या ब्रिटिश कॉन्सलपुढे चौकशी झाली. कॅप्टनचं म्हणणं, जपानी प्रवाशांना इंग्रजी कळत नव्हतं, होडीत उतरा म्हटलं तरी ते उतरले नाहीत. कॉन्सलने ते मान्य करून सगळ्यांना निर्दोष ठरवलं. मग मात्र पेपरांनी रान उठवलं, मेलेल्यांच्या घरच्यांसाठी वर्गण्या जमल्या, सभा भरल्या, आणि जपान सरकारने फिर्याद लावली तेव्हा योकोहामाच्या ब्रिटिश कोर्टात कॅप्टनला तीन महिन्यांची कैद झाली. घरच्यांना भरपाई काही नाही.

वरचा निकाल वाचून आजही पोटात कालवतं, आणि हेही लक्षात घ्या की प्रक्रियेच्या दृष्टीने यात सगळं तहाप्रमाणेच झालं होतं. कोणीही नियम मोडला नव्हता. नियमच तसे होते.

प्रश्न: परराष्ट्रमंत्री इनोउएने तर 1887 मध्ये परदेशी देशांना जवळजवळ तयार केलं होतं. कायदे आधुनिक होणार, कॉन्सुलर कोर्टं जाणार, मग जपानी लोकांनीच तो मसुदा का हाणून पाडला? हा आडमुठेपणा नव्हता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि मला यावर जरा सविस्तर बोलायचंय, कारण "जपानने कायदे सुधारले म्हणून हक्क परत मिळाले" असं जे आपण शाळेपासून ऐकतो ते अर्धंच खरं आहे.

परदेशी देशांचं म्हणणं आधीपासून एकच होतं, तुमचे कायदे आणि तुमची कोर्टं आमच्यासारखी झाली की आम्ही आमची माणसं तुमच्या हाती देऊ. वरवर बघता रास्त वाटतं. जपानच्या जुन्या पद्धतीत कबुलीजबाबासाठी छळ चालायचा हे खरंच होतं. सरकारने 1873 मध्ये बोलावून घेतलेला फ्रेंच कायदेपंडित गुस्ताव्ह बोआसोनाद याने 1875 मध्ये एका कैद्याचा छळ डोळ्यांनी पाहिला आणि सरकारकडे कडक निषेध नोंदवला, पुढे 1879 मध्ये छळ कायद्याने बंद झाला आणि 1882 पासून त्याने रचलेला नवा दंडसंहितेचा कायदाही लागू झाला. हे बदल जपानी कैद्यासाठीही हवेच होते, परदेशी माणूस तिथे असो नसो.

पण इनोउए काओरूने जे मान्य केलं ते वेगळंच होतं. 1886 मध्ये टोकियोत तहातल्या सगळ्या देशांची एकत्र परिषद भरली, म्हणजे एकाशी करार केला तर बाकीचे फुकट खातील ही अडचण टाळायचा तो मार्ग होता आणि तेवढ्यापुरता हुशारीचा होता. तिथे 1887 च्या वसंतात ठरलं ते असं, की जपान दोन वर्षांत पूर्ण देश परदेशी लोकांना खुला करणार, पाश्चात्त्य तत्त्वांवर कायदे करणार, ते कायदे परदेशी सरकारांना कळवणार, आणि परदेशी माणसाचा संबंध असलेल्या केसमध्ये जपानी कोर्टातच पण बहुसंख्य न्यायाधीश परदेशी असणार. आता हे नीट वाचा. कॉन्सुलर कोर्टं बंदरापुरती होती, परदेशी लोकांना राहायला बंदराजवळच्या वसाहती आणि फिरायला दहा री म्हणजे साधारण चाळीस किलोमीटर एवढीच हद्द होती. नव्या योजनेत देश सगळा उघडणार आणि परदेशी न्यायाधीश गावोगावच्या जपानी कोर्टात बसणार. रोग एका बोटाला होता तो औषधाने हातभर पसरला असता.

आणि हे आडमुठ्या लोकांनी नाही म्हटलं, खुद्द बोआसोनादने म्हटलं! ज्या माणसाने जपानला आधुनिक कायदे शिकवले तोच सरकारला लेखी कळवतोय की हा मसुदा आत्ताच्या तहापेक्षा वाईट आहे, कारण कायदा करायचा आणि न्याय द्यायचा असे दोन्ही अधिकार यात बाहेरच्यांच्या हाती जातात. शेतीमंत्री तानी तातेकी मंत्रिमंडळातून बाहेर पडला. बोआसोनादचं टिपण गुपचूप छापून लोकांत वाटलं गेलं. त्यात इनोउएने रोकुमेइकान या टोकियोतल्या पाश्चात्त्य धाटणीच्या सरकारी भवनात परदेशी राजदूतांसाठी नाचाच्या मेजवान्या घातल्या होत्या, नॉर्मंटनची जखम ताजी होती, लोकांनी दोन्ही जोडून बघितलं. बोलणी थांबली, सप्टेंबर 1887 मध्ये इनोउएने मंत्रिपद सोडलं, आणि डिसेंबरात सरकारने आंदोलन करणाऱ्या शेकडो लोकांना टोकियोबाहेर काढलं.

ओकुमा शिगेनोबू नंतर परराष्ट्रमंत्री म्हणून आला. त्याने परिषद सोडून एकेका देशाशी वेगळं बोलायला सुरुवात केली आणि परदेशी न्यायाधीश फक्त सर्वोच्च न्यायालयात नेमायचे इथपर्यंत ते खाली आणलं. अमेरिका, जर्मनी, रशिया यांनी 1889 मध्ये सह्याही केल्या. पण एप्रिलमध्ये लंडनच्या टाइम्सने मसुद्यातल्या गोष्टी छापल्या, त्या भाषांतर होऊन जपानी पेपरात आल्या आणि पुन्हा आग लागली. या वेळी विरोधकांच्या हातात मुद्दा पक्का होता, त्याच वर्षी 11 फेब्रुवारीला राज्यघटना जाहीर झाली होती आणि तिच्या 19 व्या कलमाप्रमाणे सरकारी पदांवर नेमणूक जपानी प्रजेचा हक्क होता, मग परदेशी न्यायाधीश बसणार कसा? सरकारने त्यांना जपानी नागरिक करून घेऊ असा तोडगा काढला पण तो कोणाला पटला नाही. 18 ऑक्टोबरला ओकुमाच्या गाडीवर बाँब फेकला गेला, त्याचा पाय कापावा लागला. बाँब फेकणाऱ्याने तिथेच जीव दिला. या हिंसेचं समर्थन मी करणार नाही आणि कोणी करू नये, तरीसुद्धा मसुद्याला विरोध करणाऱ्या हजारो लोकांना बाँबवाल्याच्या रांगेत बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांचा मुद्दा कायद्याचा होता आणि बरोबर होता.

म्हणून "आडमुठेपणा" हा शब्द मला मान्य नाही. कायदे सुधारणं वेगळं आणि ते सुधारलेत की नाही याचा दाखला द्यायचा अधिकार समोरच्याला देणं वेगळं. इनोउए आणि ओकुमा दोघेही पहिल्यासाठी झटत होते आणि दुसरं देऊन बसत होते.

प्रश्न: मी लॉ कॉलेजमध्ये शिकवते. परदेशी लोकांना पटावेत म्हणून जे कायदे झाले त्यात जपानी बायकांच्या हाती काय आलं?

ताई, यावर फार कमी लिहिलं जातं, विचारलंत ते बरं झालं. थोडक्यात सांगायचं तर फारसं काही आलं नाही, आणि काही बाबतीत बेडी लिखित स्वरूपात आली.

बोआसोनादने तयार केलेली नागरी संहिता 1890 मध्ये जाहीर झाली, 1893 पासून लागू व्हायची होती. तिच्यावर मोठं भांडण झालं. होझुमी यात्सुका या कायदेपंडिताने लेखच लिहिला की ही संहिता आली तर निष्ठा आणि मातापित्यांबद्दलचा आदर मरून जाईल. खरं तर कुटुंबाचा भाग जपानी लोकांनीच लिहिला होता, पण 1892 मध्ये संसदेने सगळी संहिताच पुढे ढकलली. मग होझुमी नोबुशिगे, उमे केंजिरो आणि तोमिई मासाआकी या तिघांनी नवी लिहिली, जर्मन मसुद्याचा बराच आधार घेऊन, आणि ती 16 जुलै 1898 ला लागू झाली.

करार, मालमत्ता, कर्ज हे भाग एकदम आधुनिक, कारण परदेशी व्यापाऱ्याचा संबंध त्यांच्याशीच येणार होता. घराच्या भागात मात्र कुटुंबप्रमुखाचा अधिकार पक्का केला. लग्न झालेल्या बाईला कर्ज घ्यायला, जामीन राहायला, जमीन-घर विकायला किंवा कोर्टात दावा लावायला नवऱ्याची संमती लागायची. तेव्हाच्या युरोपातही बऱ्याच देशांत लग्न झालेल्या बायकांची स्थिती फार वेगळी नव्हती, त्यामुळे पॅरिसमधून कोणी याला हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. वाटाघाटीच्या टेबलावर जी बाजू बसलेलीच नाही तिचं मसुद्यात काही येत नाही. हे कलम गेलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 मध्ये.

प्रश्न: शेवटी ब्रिटन तयार झाला तो जपानने चीनला युद्धात हरवलं म्हणूनच ना?

नाही, तारखा बघा. ब्रिटनशी तह लंडनमध्ये 16 जुलै 1894 ला झाला आणि चीनशी पहिली चकमक 25 जुलैला, म्हणजे सही आधी आणि युद्ध नंतर. बाकीच्या देशांनी युद्धानंतर पटापट सह्या केल्या हे खरं, पण मुख्य दार त्याआधी उघडलं होतं.

ब्रिटनचं मन 1890 च्या आसपासच वळायला लागलं होतं. रशिया सैबेरियातून रेल्वे नेणार होता, 1891 मध्ये कामाला सुरुवातही झाली, आणि पूर्वेकडे रशियाला अडवायला कोणीतरी जवळचं हवं होतं. आओकी शूझो परराष्ट्रमंत्री असताना बोलणी बरीच पुढे गेली होती, तेवढ्यात 11 मे 1891 ला ओत्सु गावात बंदोबस्तावरच्या एका पोलिसानेच रशियाच्या युवराजावर तलवार चालवली आणि आओकीला मंत्रिपद सोडावं लागलं.

या ओत्सु प्रकरणाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. युवराज वाचला, पण सरकारला धडकी भरली की रशिया युद्ध पुकारेल, म्हणून त्या पोलिसाला फाशीच द्या असा न्यायाधीशांवर दबाव आला. जपानी राजघराण्यावर हल्ला केला तर मृत्युदंड असं कलम होतं, तेच लावा म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष कोजिमा कोरेकाता अडून बसला, की हे कलम परदेशी राजपुत्राला लागू होत नाही. जन्मठेप झाली, फाशी नाही. ज्या देशाला सगळे म्हणत होते की तुमची कोर्टं सरकारच्या तालावर नाचतात, त्या देशात सरकारच्या तोंडावर नाही म्हणणारा न्यायाधीश निघाला. नव्या संहितांच्या शंभर कलमांपेक्षा हा एक निकाल मला मोठा वाटतो.

मग परराष्ट्रमंत्री म्हणून आला मुत्सु मुनेमित्सु. हा आधी वॉशिंग्टनमध्ये राजदूत होता आणि तिथे त्याने 1888 मध्ये मेक्सिकोशी तह केला होता, बरोबरीचा, मेक्सिकन माणसावर जपानी कायदा चालेल असं मान्य करणारा. बदल्यात मेक्सिकन लोकांना जपानभर फिरायची मुभा. मेक्सिकोचा जपानशी व्यापार नगण्य होता, पण यातून हे दिसलं की देश उघडणं ही जपानच्या हातातली खरी देण्यासारखी वस्तू आहे, आणि ती कॉन्सुलर कोर्टं पूर्ण सोडणाऱ्यालाच द्यायची. परदेशी व्यापारी बंदरात अडकलेले होते, त्यांना आत यायचं होतं. त्याच वेळी जपानच्या संसदेत विरोधी पक्ष म्हणत होते की ठीक आहे, जुना तहच ठेवा, पण अक्षरशः पाळा, परदेशी लोकांना हद्दीबाहेर पाऊल टाकू देऊ नका. मुत्सु याच्या विरोधात होता, या मुद्द्यावर डिसेंबर 1893 मध्ये लोकसभागृह बरखास्तही झालं, पण लंडनला मात्र संदेश बरोबर गेला की जुना तह चालू ठेवला तर तुमच्याही व्यापाऱ्यांचं जगणं अवघड होईल.

आता राजदूत असलेल्या आओकीने लंडनमध्ये ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री लॉर्ड किंबर्ली याच्याबरोबर सही केली त्या तहात परदेशी न्यायाधीश नाहीत, कायदे दाखवून मंजूर करून घ्यायची अट नाही. तह किमान पाच वर्षं लागू होणार नाही आणि तोपर्यंत नव्या संहिता अमलात आणू, असं आश्वासन जपानने स्वतः दिलं. म्हणजे कायदे सुधारणं राहिलंच, फक्त त्याचा पंच जपान स्वतः झाला. वर नागरी संहितेची तारीख दिली आहे ती 16 जुलै 1898 आणि तह लागू झाला 17 जुलै 1899 ला, व्यापारी संहिता त्याच्या महिनाभर आधी. कस्टम्सचा पूर्ण अधिकार या तहात मिळाला नाही, तह बारा वर्षांचा होता आणि तो संपताना 1911 मध्ये परराष्ट्रमंत्री कोमुरा जुतारोने तेही मिळवलं.

प्रश्न: आजच्या दूतावासातल्या लोकांना जी सूट असते ती हीच का?

नाही. ती सूट राजदूत आणि त्याच्या कर्मचाऱ्यांपुरती असते, दोन्ही बाजूंना सारखी असते आणि 1961 च्या व्हिएन्ना करारात लिहिलेली आहे. इथे आपण बोलतोय ते साध्या व्यापाऱ्याला, खलाशाला, दारूच्या गुत्त्यात मारामारी करणाऱ्याला मिळालेल्या सुटीबद्दल, आणि तीही एकतर्फी.

प्रश्न: जपानवर झालेला अन्याय लेखात छान मांडलाय, पण कोरियाचं काय? तुम्ही तो भाग सोडून दिलात असं वाटलं.

तुमची तक्रार रास्त आहे. जपानने फेब्रुवारी 1876 मध्ये युद्धनौका पाठवून कोरियाकडून कांग्ह्वा बेटावर तह करून घेतला, आणि त्याच्या दहाव्या कलमात कोरियाच्या बंदरांत गुन्हा करणाऱ्या जपानी माणसाचा न्याय जपानी अधिकारी करतील असं लिहून घेतलं. सुरुवातीला कस्टम्स ड्यूटीसुद्धा लावू दिली नाही, म्हणजे हॅरिसने जपानला अठरा वर्षांपूर्वी जेवढं दिलं होतं तेवढंही नाही. हे सगळं तेव्हा, जेव्हा जपानचे स्वतःचे मुत्सद्दी त्याच कलमांविरुद्ध पाश्चात्त्यांच्या दारात उभे होते. चीनबरोबर 1871 च्या तहात निदान दोन्हीकडच्या कॉन्सलना सारखे अधिकार होते, युद्ध जिंकल्यावर 1896 मध्ये तेही बदलून जपानने स्वतःपुरते एकतर्फी करून घेतले.

यावर काही अभ्यासक म्हणतात की त्या काळाची रीतच तशी होती. मला हे उत्तर पुरत नाही. ज्यांना स्वतःच्याच बंदरात परक्याच्या दारात न्याय मागावा लागत होता त्यांना हे कलम काय करतं ते इतर कोणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. जपानने लढा दिला तो स्वतःवरच्या अन्यायाशी, व्यवस्था मोडायला नाही, आणि कोरियाला तर 1899 सारखा दिवस बघायलाच मिळाला नाही, 1905 मध्ये परराष्ट्रव्यवहार गेले आणि 1910 मध्ये देशच गेला.

प्रश्न: 1899 नंतर परदेशी वसाहतींमधल्या जमिनींचं काय झालं?

वसाहती जपानी नगरपालिकांत आल्या, पण तिथल्या जमिनी परदेशी लोकांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने होत्या आणि नव्या तहांनी ते पट्टे तसेच ठेवले. जपानने म्हटलं जमिनीचं ठीक, पण वरच्या घरांवर कर लावणार. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी नाही म्हणाले, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. तीन पंच होते, त्यातला जपानचा मोतोनो इचिरो असहमत राहिला, आणि 22 मे 1905 ला दोन विरुद्ध एक असा निकाल जपानच्या विरुद्ध लागला, की पट्ट्याच्या अटींत घरंही येतात. त्यानंतर जपान बराच काळ लवादाकडे जायला नाखूश राहिला. ते पट्टे अखेर 1942 मध्ये संपले.